ग्लायडर ओढणारं लाकडी विमान: भरवसा कशावर ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला विंचवर (ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, जमिनीवरून दोराने खेचून चढवणाऱ्या यंत्रावर) शिक्षण झालं, आता मास्टर्ससाठी दक्षिण जर्मनीत. इथल्या क्लबात ग्लायडर ओढायला फ्रेंच रोबँ डीआर ४०० आहे, सगळे त्याला ‘रेमो’ म्हणतात. पंखावर बोट वाजवलं तर कापड आणि लाकूड! पन्नाशीला आलेलं, १८० हॉर्सपॉवरचं हे विमान दिवसभर सहाशे-सहाशे किलोची ग्लायडरं ओढतं. यावर भरवसा ठेवावा का? पुढे टो पायलट, म्हणजे ग्लायडर ओढणाऱ्या विमानाचा वैमानिक, व्हायचं तर कशाकडे लक्ष द्यावं? आणि असं विमान पुण्यात का नाही?

मी मूळचा पुण्याचाच. बाडेन-व्युर्टेंबर्गमधल्या एका क्लबात बरीच वर्षं टो मारतोय आणि हिवाळ्यात याच विमानांच्या देखभालीत हात काळे करतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी हे विमान आलं कुठून ते. १९४६ साली फ्रान्समध्ये बोन गावी एदुआर जोली आणि त्यांचा जावई ज्याँ देलेमोंतेझ यांनी जोडेल कंपनी काढली. १९४८ मध्ये त्यांचं एका माणसाचं डी ९ उडालं. मधला पंख सरळ, टोकं वर वळलेली, हा जोडेलचा पंख तेव्हापासूनचा. १९५७ मध्ये पिएर रोबँ यांनी दीजोंजवळ दारुआला कारखाना टाकला आणि देलेमोंतेझ त्यांच्याबरोबर आले. डीआर या नावात दोघांची आद्याक्षरं आहेत. डीआर ४०० आलं १९७२ मध्ये: पुढे सरकणारी काचेची छत्री, पुढे नाकाचं चाक, आणि आत तीच जुनी लाकडी रचना. त्यातलं १८०आर म्हणजे खास टोसाठी केलेलं, तुमच्या क्लबातलं रेमो.

त्याच घराण्यात एक आणखी अस्सल टग, म्हणजे ग्लायडर ओढणारं विमान, होऊन गेलं, डी १४०आर आबेय. नॉर्मंडीतल्या बर्नेच्या कारखान्याने चार-पाच सीटच्या मुस्केतेर विमानाची पाठ कापली आणि तिथे काच बसवली, कारण टो पायलटला मागे लोंबणारं ग्लायडर दिसलं पाहिजे. साठच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. तोवर फ्रेंच क्लब स्टांप, मोरान-सोल्निए ३१५ अशी जुनी सैनिकी शिकाऊ विमानं टोला जुंपत. आबेय फ्रेंच हवाई दलानेही सालाँ-द-प्रोव्हाँसला वापरलं. मला विचाराल तर दिसायला ते रेमोपेक्षा देखणं. पण आज क्लबांच्या हँगरमध्ये सापडेल ते रेमोच.

आता १८० हॉर्सपॉवर पुरतात कसे? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, म्हणून थोडं गणित करू.

एएसके २१ हे दोन सीटचं ग्लायडर घ्या. दोघं बसल्यावर जास्तीत जास्त ६०० किलो. टोच्या वेगाला, म्हणजे ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास, त्याचा ग्लाइड रेशो, म्हणजे एक मीटर उंची गमावताना किती मीटर पुढे जातं तो आकडा, तीसच्या घरात असतो. म्हणजे सरळ उड्डाणात हवेचा विरोध ६०० भागिले ३०, जेमतेम वीस किलो. एवढी ओढ तुम्ही एका हाताने धरू शकता. खरा खर्च आहे चढण्याचा. सेकंदाला ३२ मीटर पुढे जाताना साडेतीन मीटर वर गेलात, तर चढ साधारण नवास एक. ६०० किलोचा नववा हिस्सा सदुसष्ट, त्यात ते वीस मिळवा. दोरावर सगळा मिळून ८५-९० किलोंचा ताण. सहाशे किलोचं ग्लायडर मागे आहे आणि दोर नव्वद किलोच ओढतोय, हे नव्या माणसाला पटता पटत नाही.

इंजिनाच्या बाजूने पाहा. १८० हॉर्सपॉवर म्हणजे १३४ किलोवॉट. इतक्या कमी वेगाला प्रोपेलर त्यातले साठ-पासष्ट टक्केच कामी लावतो, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलोवॉट. टगला स्वतः हवेतून पुढे जायला अठ्ठावीस-तीस लागतात, ग्लायडरला सहा. उरलेल्या पन्नासेक किलोवॉटवर टग आणि ग्लायडर मिळून साडेतेराशे-चौदाशे किलो वर उचलायचे. भागाकार केला की तो सेकंदाला साडेतीन मीटरचा आकडा येतो. टगचा प्रत्येक किलो या भागाकारात ग्लायडरच्या किलोइतकाच बोचतो. म्हणून टगमध्ये पायलट एकटा, मागची सीट रिकामी आणि ११० लिटरची टाकी कधी काठोकाठ भरायची नाही. आणि म्हणूनच हलकं लाकडी विमान. १८०आर रिकामं साधारण सहाशे किलोच्या आत-बाहेर भरतं, आणि त्याची कमाल मर्यादा १००० किलो आहे. त्यावर चढाईचा प्रोपेलर, म्हणजे कमी पिचचा, पाती कमी तिरकी असलेला. हा चढताना छान पकडतो, पण सरळ उड्डाणात थ्रॉटल मागे घेतला नाही तर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, २७०० ची लाल रेघ सहज ओलांडतो. या विमानाने कुणी प्रवासाला निघालं तर त्याची कीव येते. नुसता आवाज.

मग दोराला जोडलेली ती रंगीत वीक लिंक, म्हणजे ठरावीक ताणाला मुद्दाम तुटणारी कडी, सहाशे किलोला तुटणारी कशाला, असं विचाराल. टोस्ट कंपनीचे रंग पाठच करा: हिरवी ३०० डेकान्यूटन, पिवळी ४००, पांढरी ५००, निळी ६००, लाल ७५०, तपकिरी ८५०, काळी १०००. डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा ताण. कुठली लावायची ते ग्लायडरच्या मॅन्युअलमध्ये असतं, आणि टगच्या हुकाची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती धरायची. हे आकडे झटक्यासाठी आहेत. दोर सैल पडून पुन्हा ताणला की क्षणभर ताण नव्वदवरून कैकपट जातो. सगळी इजा त्या क्षणी होते, ओढण्याने नाही.

आता लाकूड. तुमच्या मनात धास्ती आहे ती ‘जुनं लाकूड मोडेल’ अशी. पंखात टोकापासून टोकापर्यंत जाणारा स्प्रूसच्या लाकडाचा पेटीसारखा स्पार, म्हणजे पंखाचा कणा, आहे, मधला भाग सपाट, बाहेरचे तुकडे १४ अंश वर वळलेले. पुढच्या कडेला प्लायवूड, बाकी पॉलिस्टरचं कापड. अॅल्युमिनियमला वारंवार ताण बसला की कधी ना कधी चीर जाते, ताण लहान असला तरी. म्हणून धातूच्या विमानांच्या स्पारला तासांच्या मर्यादा आणि चिरा शोधण्याच्या तपासण्या लागतात. स्प्रूस याबाबतीत फार सोशिक आहे. मर्यादेच्या आतला ताण त्याला हजारो वेळा दिला तरी तो थकत नाही. आणि टगचं आयुष्य म्हणजे चढउतारच. तासाला पाच-सहा टो धरले तर ५००० तास उडालेल्या टगच्या खात्यात पंचवीस-तीस हजार लँडिंग असतात. पन्नास वर्षांच्या रेमोचा स्पार त्यामुळे निवृत्तीला आलेला नसतो. चाकांच्या पायांचे रबर आणि नाकाच्या चाकाचा पाय मात्र दोन-तीनदा बदललेले असतात.

लाकडाचा वैरी पाणी. लाकडात ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास असावा. वीसच्या वर बराच काळ राहिला की बुरशी कामाला लागते आणि गोंदाचे सांधे सुटू लागतात. बाहेरून रंग चकचकीत, आतून भुसा. आकाशात पंख मोडणारी लाकडी विमानं बहुतेक अशी, हँगरात उभ्या उभ्या मोडलेली असतात.

भारताशी याचा जुना संबंध आहे. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर ब्रिटिशांच्या लाकडी मॉस्किटो विमानांचे पंख हवेत निकामी झाले आणि नोव्हेंबरमध्ये ती जमिनीवर बसवावी लागली. पहिला संशय आला आपल्या उष्ण, दमट हवेवर आणि गोंदावर. चौकशीत मात्र कारखान्यातली चिकटवणीच सदोष निघाली. जुळणी नीट नसलेले सांधे होते, हवामानाने फक्त ते उघडे पाडले. लाकडी विमानाबद्दल कुणी ‘हवेनं खराब झालं’ म्हटलं की मला हे आठवतं. आधी सांधा बघावा.

तर सकाळी हँगरमधून काढण्याआधी पोटाखाली आडवे व्हा. पंखाच्या मागच्या कडेला आणि पोटाखाली बारीक निचऱ्याची भोकं असतात. माती, मेलेले किडे किंवा रंगकाम केलेल्याचा आळस यापैकी कशाने तरी ती बुजतात. आगकाडी घालून बघा. मग छत्रीचे रबर. सरकती छत्री गळते, पाणी गालिच्याखाली जमिनीच्या फळीवर साठतं आणि कुणाला दिसत नाही. गालिचा उचलून तळहात ठेवा. नंतर नाणं घ्या आणि पंखाच्या मुळाशी, चाकांच्या वरच्या बाजूला, पायऱ्यांपाशी प्लायवूडवर हलक्या हाताने वाजवत जा. चांगल्या सांध्यावर कडक ‘टक्’ येतो, सुटलेल्या ठिकाणी पोकळ, मऊ ‘ठप्’. पहिल्या आठवड्यात फरक ऐकू येत नाही, महिन्याभरात येऊ लागतो. तपासणीचं झाकण काढलंत तर नाक आत घाला: कुबट वास आला की इन्स्पेक्टरला बोलवा. ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया मात्र मनाला येईल तिथे टोचू नका. प्रत्येक टोच म्हणजे पाण्याला नवी वाट.

गवती धावपट्टी असेल तर चाकांवरच्या त्या सुबक टोप्यांत चिखल कोंबला जातो आणि पंखाच्या पोटावर, फ्लॅपवर (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्यांवर) उडतो. बऱ्याच क्लबांनी टोप्या काढूनच टाकल्यात. वेग थोडा जातो, टगला त्याचं काय?

इंजिनाची गोष्ट वेगळी. लायकमिंग ओ-३६० ला कंपनी दोन हजार तास किंवा बारा वर्षं देते. टगमध्ये ते तास सुखाने पुरे होतील की नाही हे टो पायलटच्या उजव्या हातावर ठरतं. चढताना पूर्ण थ्रॉटल, वेग कमी, म्हणजे थंड करणारी हवा कमी. सिलिंडर हेडच्या तापमानाची लाल रेघ २६० अंश सेल्सिअसला आहे, पण तिथवर जाऊच नये. दोनशेच्या वर काटा चढतोय असं दिसलं तर वेग पाच किलोमीटरने वाढवा, ग्लायडरवाला कुरकुरेल, कुरकुरू दे. खरी चूक घडते ग्लायडर सुटल्यानंतर. पायलटला खाली यायची घाई, तो थ्रॉटल पूर्ण ओढतो आणि नाक खाली घालतो. तापलेल्या हेडवर थंड हवेचा मारा. यालाच शॉक कूलिंग म्हणतात. काही जण म्हणतात हा बागुलबुवा आहे, आकडे सिद्ध करत नाहीत. असेल. पण तडे गेलेली हेडं क्लबाच्या पैशाने बदलली जातात, त्यामुळे मी हळू हात ठेवतो: सुटल्यावर आधी सपाट, थ्रॉटल टप्प्याटप्प्याने, मग वळत उतार, इंजिनाला थोडा भार ठेवून. दोन मिनिटं जास्त जातात. सहाशे मीटरचा एक टो, खाली येण्यासकट, आठ मिनिटांच्या आसपास आणि चार-पाच लिटर पेट्रोलचा. त्यात दोन मिनिटं महाग नाहीत.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही विंचवर शिकलात. विंचवर स्टिक, म्हणजे हातातला दांडा, मागे घेतली की ग्लायडर उभं चढतं, आणि तेच करायचं असतं. हीच सवय दोराच्या मागे जीवघेणी ठरते, आणि मरतो टो पायलट. ग्लायडर टगच्या बरंच वर गेलं की दोर टगची शेपटी वर खेचतो. टगचं नाक खाली जातं. स्टिक पोटाला लावली तरी नाक उठत नाही, कारण शेपटीवरचा ओढा एलेव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीच्या, ताकदीपेक्षा मोठा झालेला असतो. दोन-तीन सेकंद. उंची शंभर मीटर असेल तर पुढचं सांगायला नको. हलकं ग्लायडर, मध्यावरचा हुक, आखूड दोर आणि नवा पायलट असे चार योग जुळले की धोका सर्वांत जास्त. म्हणून टोसाठी नाकाचा हुक असेल तर तोच वापरायचा. दोर चाळीस ते साठ मीटर, मला लांब दोरच आवडतो.

ग्लायडरमध्ये असाल तेव्हा नियम एकच ठेवा: टग नजरेआड झालं की दोर सोडणारी पिवळी मूठ ओढा, विचार नंतर. टगमध्ये असाल तेव्हा डोळा दर काही सेकंदांनी आरशात, आणि रिलीजचा हँडल कुठे आहे ते न बघता हाताला ठाऊक हवं. जमिनीवर डोळे मिटून शोधायचा सराव करा. काही जुन्या हुकांचा दोष असा की दोर तीव्र वरच्या कोनात ताणलेला असताना ते सुटतच नाहीत. तुमच्या टगला कुठला हुक आहे हे विचारून घ्या, आणि वर्षाला त्याची तपासणी झाली का तेही. खुणाही पक्क्या हव्यात: टगने पंख डोलवले म्हणजे ‘ताबडतोब सोड’. रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, इकडेतिकडे हलवला म्हणजे ‘तुझे एअरब्रेक (पंखावरचे वेग मारणारे फळे) उघडे आहेत, बघ’. या दोन खुणांत गल्लत करून नको त्या उंचीवर सुटलेले लोक आहेत.

दोर घेऊन उतरताना साठ मीटर दोर मागे आणि खाली लोंबत असतो. कुंपण, झुडपं, रस्त्यावरची गाडी, सगळ्याला तो अडकू शकतो. म्हणून काठ उंचावरून ओलांडायचा किंवा धावपट्टीवर दोर टाकून फेरी मारून यायचं. काही टगमध्ये दोर आत गुंडाळणारं छोटं विंच असतं, तुमच्याकडे असेल तर भाग्य समजा.

टो पायलटच्या परवान्याचं: विमानाचा परवाना मिळाल्यावर पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार वैमानिक, म्हणून ३० तास आणि ६० टेकऑफ-लँडिंग झाली की युरोपात टोचं प्रशिक्षण पुरं करता येतं. त्यात थिअरी आणि ग्लायडर ओढण्याची किमान १० उड्डाणं, पैकी पाच इन्स्ट्रक्टरबरोबर. ज्यांच्याकडे ग्लायडरचा परवाना नाही त्यांना टोच्या मागे ग्लायडरमध्ये बसून पाच उड्डाणं करावी लागतात. तुम्ही ग्लायडर परवाना आधी घ्या, तेवढं वाचेल. नंतर २४ महिन्यांत पाच टो झाले नाहीत तर इन्स्ट्रक्टरबरोबर तेवढे भरून काढायचे. क्लबात सुट्टीच्या दिवशी टो पायलट कमी पडतात, त्यामुळे तासांची चिंता करू नका.

जुनं रेमो विकत घ्यायचा विषय क्लबात निघाला तर लॉगबुकातले तास नंतर पाहा. आधी विचारा ते कुठे उभं असायचं. उघड्यावर दोन हिवाळे काढलेलं कमी तासांचं विमान मी घेणार नाही, हँगरमधलं दुप्पट तासांचं घेईन. सुट्या भागांची अडचण मोठी नाही. रोबँ विमानं बनवणारी अपेक्स नावाची नंतरची कंपनी २००८ मध्ये बुडाली, पण या विमानांचा आधार दारुआमध्येच सीईएपीआर या कंपनीने पुढे चालू ठेवला. हल्ली टोसाठी १०० हॉर्सपॉवरच्या रोटॅक्स इंजिनची हलकी विमानं आणि फाल्के मोटरग्लायडर येतात, आवाज आणि पेट्रोल दोन्ही कमी. एकट्याच्या ग्लायडरला चालतात. दोघं बसलेल्या एएसके २१ ला, तीस अंशाच्या दुपारी, गवतावरून ओढायचं तर मी रेमोच मागेन.

आणि पुणे. विंचला डिझेलवर भागतं, एका लाँचचा खर्च टोच्या मानाने किरकोळ. टगला लागतं ते अॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, जे आपल्याकडे २०२२ पर्यंत आयातच होत होतं. त्या वर्षी इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली. हडपसरच्या डोक्यावर लोहगावची हवाई वाहतूक आहे, तिथे टगला भटकायला आकाशही मोजकंच. शिवाय जुलै-ऑगस्टमधली आपली हवा: आठवडेच्या आठवडे नव्वद टक्के आर्द्रता राहिली की बंद हँगरमधलं लाकूडही वीस टक्क्यांच्या दिशेने सरकतं. उपाय आहेत, वायुवीजन असलेलं हँगर, महिन्याला ओलाव्याची नोंद, पावसाळ्यानंतर झाकणं काढून तपासणी. पण ते करायला वर्षभर कुणीतरी पगारी माणूस लागेल, आणि विद्यार्थ्यांच्या फीतून तो परवडणार नाही. शिकाऊंसाठी तिथे विंचच योग्य आहे.